जुना डेस्कटॉप, नवी एसएसडी-रॅम आणि त्याआधी अर्थिंग : सांगलीतला अनुभव

गणपतीपेठ_डीटीपी

मंडळी, गणपती पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, तेराव्याची कार्डं अशी कामं. दुकानातला डेस्कटॉप म्हणजे आय३-४१३० प्रोसेसर (इंटेलची चौथी पिढी), एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि १ टीबीची हार्डडिस्क. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आधीचा संगणक टेबलाखाली होता तिथेच बुडाला. त्यानंतर हा कुणीतरी वापरलेला घेतला. २०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागल्यावर रात्रीच तो माळ्यावर नेला, म्हणून वाचला. या डब्याने माझं घर चालवलंय, त्यामुळे तो भंगारात द्यायचा विचार मला सहन होत नव्हता.

पण गेल्या वर्षी तो फारच मंद झाला. सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, उदबत्ती लावायची, चहा सांगून यायचं, तरी गोल फिरतच असायचं. लगीनसराईत गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि पत्रिकेतलं मामांचं नाव बदलायला दहा मिनिटं. म्हणून एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क), ८ जीबीची रॅम आणि नवा एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारं खोकं) असं तिन्ही मागवलं आणि एका रविवारी संध्याकाळी एका बैठकीत बसवलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा, आणि आतून बीप-बीप सुरू. आता दोष कोणाचा? तीन वस्तू एकदम बदललेल्या. एसएमपीएस कमी पडतोय, बोर्डाला माझा हात लागला, का एसएसडी खराब? दोन दिवस दुकान बंद ठेवून एकेक वस्तू परत काढत गेलो, तेव्हा कळलं की दोष रॅमचा आहे. त्या पट्टीच्या वर्णनात अगदी शेवटी, बारीक अक्षरात 'एएमडी बोर्डासाठी' असं लिहिलं होतं. डीडीआर३ च्या ८ जीबीच्या अशा स्वस्त पट्ट्या मिळतात. त्यांच्यावरच्या चिप्सची मांडणी वेगळी असते आणि आपले इंटेलचे बोर्ड त्या वाचत नाहीत. खाच तीच, पिनाही २४०, बसते अगदी चपखल, पण चालत नाही. ती परत केली आणि इंटेलला चालणारी घेतली.

म्हणून हा धागा काढतोय. ज्यांच्याकडे २०१३ ते २०१७ मधले डेस्कटॉप आहेत त्यांना कळकळीने सांगतो, एका वेळी एकच वस्तू बदला. ती बसवा, एक दिवस काम करून बघा, मगच पुढच्या वस्तूला हात लावा. दुसऱ्या खेपेला मी तसंच केलं आणि एकदाही अडकलो नाही.

विकत घेण्याआधी कुठे अडतंय ते बघा. टास्क मॅनेजर उघडा. माझ्याकडे रॅम ९० टक्के आणि डिस्क सतत १०० टक्के दिसायची, प्रोसेसर मात्र २०-२५ वर निवांत. याचा अर्थ असा की रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं आणि लागेल तसा परत उचलतं. हार्डडिस्क मिनिटाला ७२०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय सुई सरकायला वेळ लागतो तो वेगळा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. विंडोज सुरू होताना अशा बारीक वाचण्या हजारोंनी होतात. म्हणून प्रोसेसर तोच ठेवून नुसती डिस्क बदलली तरी संगणक तरुण होतो. माझा आता पस्तीस सेकंदांत उघडतो.

एसएमपीएस बदलायची खरं तर गरज नव्हती. एसएसडी आणि रॅमला वीज फार लागत नाही. तो खर्च वाचला असता.

---

मिरजवाला

उत्तम धागा. माझ्याकडेही एच८१ च आहे. दोन प्रश्न. विंडोज नव्याने मारलंत का जुनंच उचललंत? आणि एसएसडी साटाची घ्यायची का ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई?

---

गणपतीपेठ_डीटीपी

साटाचीच घ्या, म्हणजे हार्डडिस्कच्याच वायरींवर चालणारी. आपल्या बोर्डांवर एनव्हीएमईसाठी खाच नसते. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये अडाप्टर घालून ती लावता येते, पण या पिढीतले बरेच बायॉस (बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) तिच्यावरून विंडोज सुरूच करत नाहीत. एच८१ वर साटाची चार पोर्ट असतात. त्यातली दोन ६ गिगाबिटची, दोन ३ ची. बोर्डावर शेजारी बारीक छापलेलं असतं, मॅन्युअलमध्येही असतं. एसएसडी ६ वाल्याला लावा.

विंडोज मी जुनंच उचललं, म्हणजे क्लोन केलं, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. कारण माझं मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) चालतं आणि ते नव्याने बसवून देणारा माणूस आता मिळत नाही. क्लोन करताना जे बघायचं ते सविस्तर लिहितो, कारण इथेच माणसं डेटा घालवतात.

सगळ्यात आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर 'रॉ व्हॅल्यू'च्या रकान्यात शून्याहून जास्त काही दिसलं तर क्लोनच्या नादाला लागू नका. आधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कला अख्खी वाचायला लावलं तर ती वाटेतच मान टाकते.

एसएसडी जुन्या डिस्कएवढी मोठी लागत नाही. माझ्या १ टीबीत भरलेलं होतं १४० जीबी, ते ४८० च्या एसएसडीत आरामात मावलं. बऱ्याच एसएसडी कंपन्या क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट देतात. सुरुवातीचं ते छोटं 'सिस्टिम रिझर्व्हड' पार्टिशन सोडू नका, संगणक तिथूनच सुरू होतो.

क्लोन झालं की बंद करा, वायर भिंतीतून काढा, जुनी डिस्क सोडवा आणि फक्त एसएसडी लावून पहिल्यांदा सुरू करा. दोन्ही एकदम लावल्या तर विंडोजला दोघींची सही सारखीच दिसते. मग ते एकीला बंद करतं नाहीतर सी आणि डी ड्राइव्हची अक्षरं उलटसुलट लावतं. एसएसडीवरून नीट उघडतंय याची खात्री झाली की बंद करून जुनी परत जोडा. जुनी महिनाभर तरी पुसू नका.

बायॉसमध्ये साटाचा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारी सेटिंग) आयडीई असो की एएचसीआय, आहे तसा राहू द्या. तयारी न करता बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. याच्याशी जोडलेली एक गोष्ट अशी की बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, दहा वर्षांत संपलेला असतो. तो संपला की वायर काढल्यावर बायॉस मूळ पदावर जातो, तारीख मागे जाते आणि कधी हा मोडही बदलतो. मग माणूस नव्या एसएसडीला दोष देत बसतो. काम काढलंच आहे तर आधी सेल बदला आणि बायॉसच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

एसएसडीला विजेची वायर कमी पडली तर जुन्या मोठ्या चार पिनेच्या प्लगवरून साटा करणारी वायर दुकानात मिळते. तिचा साटाकडचा प्लग एकसंध ओतीव प्लॅस्टिकचा असेल तर घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. मागून तारा वेगवेगळ्या आत शिरताना दिसतात तो प्लग घ्या.

---

यार्डातली_हळद

दादा, नमस्कार. मार्केट यार्डात आमचं अडत दुकान हाय. आमचा सीपीयू अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. पोराने परवा झाकण उघडलं तर आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर, अगदी बोटाने खरवडून निघेल असा. हे असंच ठेवून नवी रॅम घालावी का?

---

गणपतीपेठ_डीटीपी

नको हो, आधी ती हळद काढा. आपोआप बंद पडणं हे उष्णतेचं लक्षण आहे. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर बंदच करून घेतो. वेग मंदावला तो रॅममुळे असं आपल्याला वाटत राहतं.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय, संगणक दुरुस्तीच करतो. हळद, मिरची, पीठगिरणी, या तीन ठिकाणचे डबे माझ्याकडे येतात. हळद चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरने सुटत नाही. आधी कोरड्या रंगाच्या ब्रशने सैल करा, मग हवा मारा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. काम उघड्यावर करा, नाकाला फडकं बांधा.

पंखा-हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढायचा असेल तर इंटेलच्या मूळ कूलरला चार कोपऱ्यांत चार काळ्या खुंट्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला आहे. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायचं. परत बसवताना त्या आधी उलट फिरवून मूळ जागी आणायच्या आणि समोरासमोरच्या दोन एकदम दाबायच्या, 'टक' असा आवाज आला पाहिजे. बोर्ड उलटा करून मागून चारही टोकं बाहेर आलेली बघा. तीनच बसल्या तर हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो आणि आधीपेक्षा जास्त तापतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या 'घरी साफ केला' डब्यांत हाच घोळ असतो.

प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्ये वाटाण्यापेक्षा लहान थेंब ठेवा. जास्त लावून काही मिळत नाही.

---

यार्डातली_हळद

लई उपकार झाले. रविवारी यार्ड बंद असतंय, तेव्हा करतो.

---

येरळाकाठ

मी शिक्षिका आहे. घरी जुना डेस्कटॉप आहे, त्यावर प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रकं करते. रॅम घालायचा विचार आहे, पण मला उघडायची भीती वाटते. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. गेल्या वर्षी प्रिंटरची केबल लावताना ठिणगी उडाली आणि प्रिंटरचं यूएसबी पोर्ट गेलं. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की "सगळ्याच कॉम्प्युटरला येतं असं." खरंच येतं का?

---

वायरमन_कुपवाड

ताई, अजिबात येता कामा नये. आणि तुम्ही घाबरलात ते योग्यच आहे.

मी घरांच्या वायरिंगची कामं करतो. एसएमपीएसमध्ये वीज आत शिरते तिथेच फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. एसएमपीएसमधला विजेचा गोंगाट जमिनीत सोडून द्यायला ते ठेवलेले असतात. अर्थची तार खरोखर जमिनीत पोचली असेल तर हा थोडासा गळका करंट निघून जातो, कुणाला कळतही नाही. पण तार मध्येच लटकलेली असेल तर ते दोन कपॅसिटर २३० व्होल्टचे दोन सारखे वाटे करतात. मधला बिंदू म्हणजे तुमच्या कॅबिनेटचा पत्रा, आणि तो ११०-११५ व्होल्टवर जाऊन बसतो. करंट फार थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण एसएमपीएसच्या आत काही बिघडून फेज पत्र्याला टेकला, तर थोडा राहणार नाही.

तुमचं प्रिंटर पोर्टही याच्यामुळेच गेलेलं दिसतंय. एका बाजूला ११० व्होल्टवर तरंगणारा संगणक, दुसऱ्या बाजूला वेगळ्या सॉकेटवरचा प्रिंटर. केबल टेकली त्या क्षणी तो फरक बारीक तारांतून वाहिला. म्हणून प्रिंटर, मॉनिटर, बाहेरची डिस्क, काहीही पहिल्यांदा जोडताना दोन्हीकडचे प्लग भिंतीतून काढलेले असावेत.

आता तपासायचं कसं. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास येतं. फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच यायला हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. फेज-अर्थ शंभरच्या आसपास हेलकावत असेल तर तुमच्या तिसऱ्या भोकामागे काही नाही. हे मोजमाप वायरमनकडून करून घ्या, स्वतः सॉकेटमध्ये सळया घालू नका.

आणि हात जोडून एक विनंती. काही लोक झिणझिण्या थांबवायला सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तार मारतात. झिणझिण्या थांबतात, पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर अख्ख्या पत्र्यावर २३० येतात. घरात लहान मूल असतं. तसं कुणालाही करू देऊ नका. खड्डा घ्या, पाइप, कोळसा, मीठ घाला आणि तार अखंड मीटरपर्यंत आणा. आपली काळी माती ओल छान धरते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि पाइपाभोवती पोकळी होते. तेव्हा आठवड्यातून बादलीभर पाणी ओतत जा. सोबत ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारं स्विच, बसवून घ्या.

---

येरळाकाठ

दादा, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. घरमालकांना हे वाचून दाखवते.

---

अजिंक्यतारा

यात माझी थोडी भर. आत हात घालताना वायर भिंतीतून काढायची आणि मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलासुरला चार्ज निघतो. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवायचा, आपल्या अंगावरची स्थिर वीज उतरते. गालिचावर किंवा सिंथेटिक साडी-स्वेटर घालून हे काम नको. रॅमच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा, कण झटका, मग बसवा. नवी रॅम घेण्याआधी हे करून बघा, बरेच 'डिस्प्ले नाही'वाले डबे एवढ्यावरच उठतात. एसएमपीएस मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

---

विश्रामबाग_हॉस्टेल

मी सेकंड इयरला आहे. घरून आय५ चौथ्या पिढीचा डेस्कटॉप आणलाय. ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला आहे, त्यावर ४५० वॅट लिहिलंय.

---

अजिंक्यतारा

भावा, फुकट आलेल्या एसएमपीएसवरच्या आकड्यावर विसंबू नकोस. पीसीआय एक्स्प्रेसच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. वेगळी सहा किंवा आठ पिनेची वायर न लागणारं कार्ड घे, म्हणजे त्या हद्दीत राहशील. वायर लागणारं कार्ड हवं असेल तर आधी चांगला एसएमपीएस घे. अडाप्टरने दोन जुन्या वायरी जोडून सहा पिना करू नकोस. आणि कार्डाची लांबी टेपने मोज, जुन्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो.

---

मिरजवाला

क्लोन झालं! जुनी डिस्क सोडवून पहिल्यांदा सुरू केलं, जसं सांगितलंत तसं. आता बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क घेतली. ती लावली की वायरलेस माउस मात्र अडखळत चालतो. व्हायरस म्हणावं तर स्कॅनमध्ये काही नाही.

---

गणपतीपेठ_डीटीपी

तुमची डिस्क निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात आहे आणि माउसचं इवलंसं रिसीव्हर तिच्या शेजारी, बरोबर? यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडतं आणि माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर पुढच्या काळ्या पोर्टात लावा किंवा हातभर यूएसबी एक्स्टेंशनने लांब न्या. माझ्याकडे डोंगलही निळ्या पोर्टात ओळखत नव्हतं, काळ्यात लावल्यावर लगेच घेतलं.

बाहेरच्या डिस्कबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय. २०१९ ला माझ्याकडे बॅकअप होता. डीव्हीडींवर होता आणि त्या त्याच टेबलाच्या खालच्या खणात होत्या. अकरा वर्षांच्या पत्रिका, गावोगावच्या मंडळांच्या अहवालांच्या फायली, सगळं गाळात गेलं. लोक पुरानंतर यायचे आणि म्हणायचे, "आमच्या आजोबांचा फोटो तुमच्याकडे स्कॅन केलेला असेल ना?" तो नव्हता. आता दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक दुकानात असते, एक बहिणीकडे दुसऱ्या मजल्यावर. दर पंधरा दिवसांनी त्यांची अदलाबदल करतो. तुम्ही मिरजेत असाल तरी एक प्रत सांगलीत कुणाकडे तरी ठेवा.

आणि लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला लावू नका. छपाई सुरू होताना तो आतला रूळ तापवायला एकदम मोठा झटका घेतो, आणि दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा असतो. लाईट गेल्यावर फाइल सेव्ह करून संगणक बंद करता यावा एवढंच त्याचं काम.

---

येरळाकाठ

एक राहिलं. माझ्यावर विंडोज १० आहे. त्याचं आता बंद झालं म्हणतात. मग रॅमवर खर्च करावा का?

---

गणपतीपेठ_डीटीपी

ताई, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं, आपले डबे त्यात बसत नाहीत. मी दुकानातला संगणक नेटपासून तोडलाय, मजकूर मोबाईलवरून केबलने घेतो. तुमचं काम युनिकोड मराठीत असेल तर लिनक्स मिंटवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) प्रश्नपत्रिका उत्तम होतात. पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी बघता येतं, डिस्कला हात न लावता. तुमच्या फायली तिथे नीट उघडतात का ते बघा. उघडल्या तर रॅमचा खर्च वाया जाणार नाही, ८ जीबी तिथेही कामाला येतात.

---

येरळाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. घरमालक तयार झाले. परसात खड्डा घेतला, तार मीटरपर्यंत आणली. वायरमननी माझ्यासमोर मोजलं. आधी फेज-अर्थ १०८ होतं आणि हलत होतं, आता २३१. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. पत्र्याला तळहात टेकवून बघितला, काही नाही.

काल प्लग काढून, बटण दाबून, पत्र्याला हात लावून स्वतः झाकण उघडलं. ४ जीबीची जुनी पट्टी खोडरबराने पुसली, शेजारी इंटेलला चालणारी दुसरी ४ ची बसवली. दोन्ही बाजूंचे चिमटे आपोआप मिटले. पहिल्याच वेळी ८ जीबी दिसली. एसएसडी पुढच्या महिन्यात, पगार झाल्यावर.